मावळा क्रमांक ४७

दिवाळीच्या तोंडावर महाडच्या बाजारात किल्ल्यावरची चित्रे मांडली गेली, की खरेदीला निघालेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : आपल्याकडे तुतारीवाले किती आहेत? नेमके उत्तर कुणालाच देता येत नाही. गेल्या वर्षीचा खोका पोटमाळ्यावर असतो आणि तो खाली काढायला वेळ नसतो. मग ‘असू द्या दोन’ म्हणून आणखी दोन तुतारीवाले घेतले जातात. अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, अळीव पेरून होतात, खोका उघडतो आणि कळते की तुतारीवाले पाच झाले, भालदार एकही नाही, सिंहासन आहे पण वरचे छत्र नाही. रायगड किल्ला याच महाड तालुक्यातला आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यातले. इथल्या मुलांना या चित्रांची हौस सांगावी लागत नाही, एकेक मावळा त्यांच्या ओळखीचा असतो. तरीही खोक्यात काय आहे हे का सांगता येत नाही?

‘यादी केली नाही म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे. अनेक घरांत यादी केलेलीही असते : मावळे २३, तोफा ४, हत्ती २, गवळण १. पुढच्या वर्षी मोजल्यावर मावळे पुन्हा २३ भरले, तर सगळे जागच्या जागी आहे असे वाटते. पण मधल्या काळात दोन फुटले असतील आणि दोन नवे आले असतील, तरीही आकडा २३च येईल. आणि २२ भरले तर कोणता गेला, हे ती यादी सांगत नाही. बेरीज वस्तूंना ओळखत नाही, हाच तिचा दोष. वाढत्या संग्रहाची नोंद टिकायची असेल तर तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : हा कोणता, हा कसा, आणि हा कुठे आहे. संग्रह लहान असताना तिन्हींचे उत्तर एकाच शब्दात मिळते, म्हणून ते वेगळे आहेत हेच लक्षात येत नाही. संग्रह वाढला की यादी नेमकी या सांध्यावर उसवते.

स्मरण एकाएकी का हरते

वीस चित्रे असतात तोवर वहीची गरज भासत नाही, आणि शंभर झाली की काहीच आठवत नाही. वस्तू पाचपट झाल्या तर विसर पाचपट व्हावा. प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी अधिक होतो. याचे कारण असे, की ओळख म्हणजे एक वस्तू दुसरीपासून वेगळी काढणे, आणि गोंधळ नेहमी जोडीत होतो : हा तो, की तो हा? वीस वस्तूंच्या जोड्या १९० होतात. चाळीस वस्तूंच्या ७८०, आणि शंभर वस्तूंच्या ४९५०. संग्रह पाचपट झाला, गोंधळाच्या जागा मात्र सव्वीसपट झाल्या. दर दिवाळीला दहा-बारा चित्रे घेणाऱ्या घरात विसांचे शंभर सात-आठ वर्षांत होतात. त्यातून ही चित्रे एकाच साच्यातून निघालेली असतात, म्हणजे त्या हजारो जोड्यांपैकी पुष्कळ जोड्या खरोखरच जुळ्या भावंडांच्या असतात. अशा वेळी घरातल्या पोरांच्या विसरभोळेपणाला दोष देणे अन्यायाचे आहे.

हजेरी क्रमांक आणि जनरल रजिस्टर

यावरचा उपाय आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून आहे. शाळेत मुलाला दोन क्रमांक असतात. हजेरीपटावरचा क्रमांक दर वर्षी बदलतो. पाचवीत बारावा असलेला मुलगा सहावीत नववा होतो, तुकडी बदलली की एकविसावा. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र त्याने शाळेत पाऊल टाकले त्या दिवशी मिळतो आणि दाखला काढून नेल्यानंतरही त्याचाच राहतो. तो मुलगा हुशार की साधारण, कोणत्या इयत्तेत, कोणत्या वाडीतला, यातले काहीही तो आकडा सांगत नाही. काहीच सांगत नसल्यामुळे तो कधी खोटा ठरत नाही. इयत्ता बदलेल, पत्ता बदलेल, एखाद्याचे आडनावसुद्धा दुरुस्त होईल; क्रमांकाला त्याचे काही नाही.

मावळ्यांना क्रमांक देताना नेमका उलटा मोह होतो. ‘मा-तल-लाल-३’ म्हणजे मावळा, तलवारवाला, लाल मुंडासे, तिसरा, अशी सांकेतिक नावे शोभिवंत दिसतात आणि नुसत्या वाचनाने वस्तू कळते असे वाटते. पण समजा, त्याची तलवार मोडली. आता त्याला ‘तल’ म्हणायचे का? रंग उडाला म्हणून पुन्हा रंगवला आणि मुंडासे भगवे झाले. आता ‘लाल’चे काय? संकेत बदलावा तर जुन्या नोंदी, जुने फोटो, खोक्यावरच्या चिठ्ठ्या सगळे अनाथ. न बदलावा तर वही खोटे बोलते. त्याहून मोठी अडचण भूमिकेची आहे. तलवार उगारलेला तोच मावळा एका दिवाळीत प्रतापगडावर जिवा महाला असतो. पुढच्या वर्षी सिंहगड केला तर तोच तानाजी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुरंदरावर दिलेरखानासमोर उभा राहिलेला मुरारबाजी. १६५९, १६७० आणि १६६५ या तीन सालांत वावरणारे ते एकच चार इंची चित्र आहे. त्याच्या क्रमांकात ‘तानाजी’ कोंबले, तर पुढच्या किल्ल्यावर त्याला दुसरे कुणी होता येणार नाही. म्हणून क्रमांक कोरा असावा : १, २, ३ असा, आला त्या क्रमाने. फार तर पुढे सालाचा आकडा जोडावा. संग्रहालयांतही तशी पद्धत आहे आणि ती निर्धोक आहे, कारण वस्तू आपल्याकडे कधी आली ही गोष्ट मागाहून बदलत नाही.

बदलणाऱ्या गोष्टींची नोंद कशी ठेवायची, हे शेतकरी कुटुंबाला निराळे शिकवायला नको. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच राहतो. धारकाचे नाव बदलते तेव्हा जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. पूर्वी त्याला कंस पडत असे, आता त्यावर आडवी रेष येते; नवे नाव खाली येते, आणि कोणत्या फेरफाराने हे झाले त्याचा क्रमांक शेजारी राहतो. जमिनीचा सगळा इतिहास त्या जुन्या नावांत असतो. मावळ्यांच्या वहीतही खाडाखोड आणि पांढरी शाई वर्ज्य असावी. तलवार मोडली, तर जुने वर्णन तसेच ठेवून खाली तारखेसह ‘तलवार मनगटापासून मोडली’ अशी नोंद करावी. चित्र पार फुटून गेले तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरप्रमाणे ‘खारीज’ लिहावे आणि त्याचा क्रमांक पुन्हा कुणालाही देऊ नये. रिकाम्या झालेल्या क्रमांकावर नवा मावळा बसवणे ही होतकरू संग्राहकाची सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. आकडे फुकट असतात, आणि एका आकड्याचे दोन धनी झाले की जुन्या फोटोतला ४७ कोणता हे कायमचे अनिश्चित होते.

चौकट : नमुन्याची एक नोंद

क्रमांक : ४७
काय : मावळा, उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात ढाल
कशाचा : शाडू, न भाजलेला, वरून रंग
उंची : बैठकीसह १० सें.मी.
खूण : डाव्या मिशीचे टोक गालावर उतरलेले, बैठकीचा मागचा कोपरा उडालेला, ढालीवर चारऐवजी तीनच ठिपके
कुठून, कधी, कितीला : खरेदी केली त्या दिवशीच लिहावे
जागा (पेन्सिलने) : खोका २, कप्पा ५
पुढील नोंदी : तारीख घालून, एकाखाली एक

एकाच साच्यातली भावंडे

चौकटीतला ‘खूण’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे. मातीचे चित्र बहुधा दोन पाकळ्यांच्या साच्यात दाबून काढतात. एक पाकळी पुढच्या अंगाची, एक पाठीची. दोन्ही जुळतात तिथे कडेने एक बारीक शीर उठते. कारागीर ती ओल्या बोटाने पुसतो, तरी काखेत आणि दोन पायांच्या बेचक्यात ती राहून जाते. साचा एकच असल्याने उंची, पवित्रा, अंगरख्याच्या चुण्या सगळे सारखे. वेगळेपणा सुरू होतो तो साच्यातून बाहेर आल्यावर. शीर किती पुसली गेली, वाळताना मान किंचित कुठे कलली, आणि मुख्य म्हणजे ब्रश कसा फिरला. डोळ्यांचे दोन ठिपके आणि मिशीचा फराटा भराभर हाताने काढलेला असतो, आणि हात दोनदा तंतोतंत सारखा फिरत नाही. तेव्हा ‘तलवारवाला मावळा, लाल मुंडासे’ हे वर्णन साच्याचे झाले. ‘डाव्या मिशीचे टोक गालावर उतरलेले’ हे त्या एकट्याचे झाले.

खऱ्या फौजांनाही हाच प्रश्न पडला होता. अकबराच्या काळापासून मुघल लष्करात प्रत्येक शिपायाचा ‘चेहरा’ लिहून ठेवत आणि घोड्याला डाग देत. चेहरा म्हणजे रंग, बांधा, तीळ, जखमांचे वण. मनसबदाराने हजेरीच्या दिवशी उसनी माणसे आणि भाड्याची घोडी उभी करून पुरा पगार उचलू नये, हा हेतू. ‘एक शिपाई, एक घोडा’ एवढ्या मोजणीला फसवणे सोपे. ‘उजव्या भुवईवर वण’ या नोंदीला फसवणे अवघड. जे गुण सगळ्यांत सारखे असतात ते ओळख पटवायला निरुपयोगी असतात, आणि ज्याला आपण व्यंग म्हणतो तेच ओळख पटवते. म्हणून उडालेला कोपरा दिसला की हळहळ जरूर वाटावी, पण तो वहीत उतरवून घ्यावा.

इंग्लंडमधल्या संग्राहकांना या बाबतीत एक सोय आहे, जी आपल्याला नाही. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई विकायला सुरुवात केली आणि त्या संचांना क्रमांक दिले. पहिला क्रमांक ‘लाइफ गार्ड्स’ या घोडदळाच्या संचाचा. १९६६ मध्ये शिशाचे उत्पादन थांबले, तरी आजही एखादा शिपाई हाती आला तर जुन्या सूचीपत्रावरून त्याचा संच शोधता येतो. आपल्या चित्रांवर ना कारागिराचे नाव, ना साल. कुणी घडवली आणि कोणत्या दिवाळीत विकली गेली, हे घेणाऱ्याने त्याच दिवशी लिहिले नाही तर पुढे कोणत्याही सूचीपत्रात सापडणार नाही. आपल्याकडे घरची वही हेच सूचीपत्र.

कशाचा आहे, हे का लिहायचे

महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल असते, आणि त्या ओलीशी प्रत्येक पदार्थ वेगळा वागतो. शाडूचे कण पोह्यांसारखे चपटे असतात. वाळलेल्या चित्रात ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. पाणी मिळाले की ते कणांच्या फटींतून आत शिरते, आतली हवा बाहेर ढकलते, आणि चित्र थरथराने सुटून बादलीच्या तळाशी गाळ होऊन बसते. तोच शाडू पुन्हा मळून नवे चित्र करता येते. भाजलेल्या मातीचे तसे नाही. भट्टीत साडेचारशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान कणांच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते आणि ते परत येत नाही. भाकरी भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसे. प्लास्टर ऑफ पॅरिस तिसऱ्याच जातीचे. जिप्समचा दगड तापवून त्यातले बरेचसे पाणी काढलेले असते, पाणी कालवले की तो पुन्हा दगड होतो. पण सतत ओलीत राहिला तर हळूहळू मऊ पडतो आणि वरचा रंग पापुद्र्याने सुटतो. प्लास्टिकला पाण्याचे भय नाही, ते उन्हात ठिसूळ होते. म्हणजे ‘कशाचा’ हा रकाना भरला की कोणता खोका माळ्यावर, कोणता कोरड्या कपाटात आणि कोणता खिडकीपासून दूर, हे आपोआप ठरते. क्रमांक घालायची रीतही त्यावरूनच ठरते : न भाजलेल्या शाडूवर बैठकीच्या तळाशी मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावे किंवा सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी, कारण पेनाची शाई मातीत झिरपून पसरते.

सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने जुलै २०२१ मध्ये महाड शहर बुडाले. त्या आपत्तीत माणसांनी जे गमावले त्यापुढे मातीच्या चित्रांची गोष्ट काढणेही संकोचाचे वाटते. पण त्या चिखलातून घरे पुन्हा उभी करताना वहीसुद्धा खोक्याशेजारीच ठेवली असेल तर काय होते, हे या गावाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. नोंद आणि वस्तू एकाच पाण्यात सापडू नयेत. वहीच्या पानांचे फोटो दर दिवाळीनंतर मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या काकाला, आत्याला पाठवून ठेवावेत. या तालुक्यांतल्या बहुतेक घरांचा एक पाय मुंबईत असतोच.

‘खेळाचे कार्यालय कशाला करता?’

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. किल्ला करण्यातली मजा चिखलात हात घालण्याची आहे, रकाने भरण्याची नव्हे. पण मुले या खेळात स्वतःहून काय करतात ते पाहावे : पहारा कुणी द्यायचा, तोफेपाशी कोण, दरवाज्यावर किती जण, यावर ती तासन्‌तास वाद घालतात. प्रत्येक मावळ्याला नाव आणि काम देणे हा खेळाचाच भाग आहे, वही फक्त ते टिकवून धरते. खऱ्या किल्ल्यावरही हवालदाराच्या जोडीला दोन कारभारी असत : माणसांची हजेरी आणि हिशेब पाहणारा सबनीस, आणि धान्य-दारूगोळ्याचा साठा सांभाळणारा कारखानीस. लुटुपुटूच्या गडावर एका मुलीने कारखानीस व्हायचे ठरवले, तर खेळ कमी होत नाही, वाढतो. एवढे मात्र खरे, की ही वही मोठ्यांनी मुलांवर लादली तर ती दुसऱ्या वर्षी बंद पडेल, आणि पडावीच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : मातीची वस्तू मातीत जाण्यासाठीच असते, आपण गणपतीचेही विसर्जन करतो, मग मावळ्यांना इतके धरून का ठेवायचे? विसर्जन ही विधीने दिलेली निरोपाची वेळ आहे. खोक्याच्या तळाशी दाबून चुरा होणे हा निरोप नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. आणि वही वस्तूला धरून ठेवत नाहीच. शाडूचा फुटका मावळा तुळशीच्या कुंडीत मिसळून टाकावा, वहीत तारीख घालून ‘खारीज, तुळशीत’ असे लिहावे. मातीला माती मिळाली आणि तो होता हेही राहिले.

तिसरा आक्षेप आजचा : मोबाइलमध्ये फोटो काढला की झाले, लिहायचे कशाला? फोटो फार उपयोगी आहे, पण तो ‘कसा’ या एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. सगळ्या मावळ्यांच्या एकत्रित फोटोत पाठ दिसत नाही, उंची कळत नाही, शाडू की प्लास्टर हे समजत नाही, आणि दोन भावंडांपैकी कोणते चित्र डावीकडचे हे पुढच्या वर्षी सांगता येत नाही. चित्राशेजारी क्रमांकाची चिठ्ठी आणि फूटपट्टी ठेवून समोरून, मागून असे दोन फोटो काढले, तर तोच फोटो वहीचा जोडीदार होतो. क्रमांक नसलेले फोटो म्हणजे नावे नसलेला शाळेचा ग्रुप फोटो.

उलटसुलट झाडा

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवकालीन लष्कराची एक शिस्त सांगितली आहे. पावसाळ्याची छावणी सोडून फौज निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंचा झाडा घेत, आणि मोहिमेवरून परतल्यावर पुन्हा घेत. दोन झाड्यांतला फरक म्हणजे मोहिमेत मिळालेला माल, तो सरकारात जमा. नोंदीचे खरे काम इथे दिसते. एका झाड्यातून फारसे कळत नाही. दोन वेळचे झाडे शेजारी ठेवल्यावर मधल्या काळात काय घडले ते बोलू लागते. घरच्या किल्ल्यालाही अशा दोन वेळा आयत्याच आहेत : वसुबारसेला खोका उघडताना, आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किल्ला मोडून चित्रे परत गुंडाळताना.

झाडा मात्र दोन्ही दिशांनी घ्यावा लागतो. आधी वही हातात घ्यावी, एकेक क्रमांक वाचावा आणि ते चित्र खोक्यात शोधावे. यातून हरवलेले सापडतात. मग वही बाजूला ठेवून खोक्यातले एकेक चित्र उचलावे, त्याचा क्रमांक वाचावा आणि तो वहीत शोधावा. यातून नोंदच न झालेले सापडतात. पहिल्या फेरीत ही दुसरी चूक दिसूच शकत नाही, कारण वहीत नसलेल्याचे नाव कुणी पुकारणारच नाही. खोका नीट लावलेला असेल तर हे काम फार वेळ खात नाही. रोमच्या इक्रॉम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने संग्रहालयांच्या कोठारांसाठी एक साधी कसोटी सांगितली आहे : कोणतीही वस्तू काढताना दोनपेक्षा अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे उभे-आडवे पट्टे बसवून केलेले एकेरी थराचे कप्पे या कसोटीला सहज उतरतात. रद्दीत गुंडाळून पाच थरांत रचलेले मावळे उतरत नाहीत.

दुसऱ्या फेरीत बिनक्रमांकाचा मावळा हाती लागला, तर तो बहुतेक हरवलेला ४७च असणार असे समजून त्याच्या बैठकीवर ४७ लिहायचा मोह होतो. आधी खुणा ताडून पाहाव्यात : मिशीचे टोक, उडालेला कोपरा, ढालीवरचे तीन ठिपके. तिन्ही जुळल्या तर तो ४७. एकही जुळली नाही, तर त्याला वहीतला पुढचा कोरा क्रमांक द्यावा, शेजारी ‘खोका २ मध्ये बिननोंदीचा सापडला’ असे तारखेसह लिहावे, आणि ४७ची जागा पुढच्या दिवाळीपर्यंत मोकळी ठेवावी.